शिसं भरलेला फासा

आमच्या देवाचं नाव खेळ्या. हे जग त्याचा पट, आपण सोंगट्या. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. मग आमचे लोक म्हणू लागले की फासे देव स्वतः फेकतो, आणि दुसरे म्हणू लागले की तो नुसता बघत बसतो. एवढ्यावरून शहरात डोकी फुटली. राजा वैतागला आणि त्यानं दोघांनाही वेशीबाहेर हाकललं. आता अकरा वर्षं नदीच्या अल्याड आम्ही, पल्याड ते, आणि भांडण तेच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

आमच्या टोळीचे फासे मी घडवते. पल्याडचे घडवतो माझा सख्खा दादा. वहिनी तिकडची, म्हणून तो तिकडे गेला. तेव्हापासून बोलायला बंदी.

दर वर्षी पाणी उतरलं की दोन्ही पुजारी नदीतल्या खडकावर एकेक फासा टाकतात. आकडा एकच आला तर वर्षभर शांतता. वेगळा आला तर लढाई, आणि मोठ्या आकड्याची टोळी आधी चाल करणार. यंदा पहिल्या रांगेत माझी लेक होती. एकोणीस वर्षांची. आम्ही तिला ठिणगी म्हणतो.

"आई, देव आपल्या बाजूनं आहे," ती म्हणाली.

"देव असेल गं, ढाल कुठाय तुझी?"

ती हसली. मला काही हसू आलं नाही.

आदल्या दिवशी मी खोलीचं दार लावलं, हाडाचा फासा शिकंज्यात आवळला आणि गिरमिटानं भोक पाडलं. आत शिशाचा थेंब सोडायचा, वर हाडाची भुकटी सरसात कालवून लिंपायची, मग कानस फिरवायची. सापडले असते तर उजवा हात गेला असता. पण मला हातापेक्षा आकड्याची काळजी होती.

दादा असलं पाप करेल? माणूस देवभोळा. पण आमची कवायत रोज काठावरच चालायची, भाची पुढे उभी असलेली त्याला दिसत होती. करणारच, मी म्हटलं. मग कुठला आकडा? लहानपणी बापाच्या टाकाऊ फाशांनी खेळताना तो कायम दोन मागायचा. मी पाच. दोन ही काय मागायची गोष्ट आहे, म्हणून मी त्याला किती छळलं होतं. दोन वर येईल असं शिसं मी भरलं.

सकाळी खडकावर दोन्ही पुजारी, त्यांच्यामागे आम्ही दोघं भावंडं, दोन्ही काठांवर भाले. आमचा फासा पडला. दोन. त्यांचा गरगरत कडेपर्यंत गेला आणि थांबला. पाच.

अरे गाढवा, माझा आकडा कशाला धरलास! मी दादाकडे पाहिलं. तो माझ्या फाशाकडे पाहत होता, चेहरा पांढराफटक.

पल्याड ढोल सुरू झाले.

"थांबा," दादा माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला. "माझा फासा खोटा आहे. आत शिसं आहे."

खोटा फासा टाकणाऱ्या टोळीला देव सोडतो, असं दोन्हीकडच्या पोथ्यांत आहे. मग दुसऱ्यांनी तिला कापून काढायचं, लहानथोर बघायचं नाही. दोन्ही फासे खोटे निघाले तरच फेक रद्द. आमच्या काठावर आरोळ्या उठल्या. आमच्या पुजाऱ्यानं माझी पाठ थोपटली. "बाई, तुझा हात खरा."

गप्प बसले असते तर तो हात वाचला असता. लेकही बहुतेक जिंकूनच परतली असती. ती केव्हाच पाण्यात उतरली होती, सगळ्यांच्या पुढे, आणि समोरच्या काठावर वहिनी पोरांना मागे ओढत होती. मी ठिणगीचा चेहरा पाहिला आणि मला पहिल्यांदाच तिची भीती वाटली.

"माझाही खोटा आहे."

कुणी ऐकलंच नाही. मग मी धोंडा उचलला आणि माझा फासा फोडला. शिशाचा मणी घरंगळत पुजाऱ्याच्या पायाशी गेला. ढोल थांबले. ठिणगी गुडघाभर पाण्यात तशीच उभी राहिली, भाला खाली घेऊन.

फेक रद्द झाली. सुरा आणायला माणूस गेला. आम्हाला खडकावर गुडघे टेकायला लावलं, शेजारी शेजारी, उजवे हात पुढे. दादाचे केस पार पिकले होते.

"पाच धरायचे होतेस ना, वेडे," तो हळूच म्हणाला.

"तू दोन सोडलेस कशाला?"

सुरा आला. पुजाऱ्यानं माझं मनगट धरलं.

"आधी माझा," दादा म्हणाला. "मी मोठा आहे."