आप्पांच्या दवाखान्यातला गुरुवार

काळ्या रबराचा तो एवढासा हातोडा रूपचंदच्या बोटांत किती सहज डुलत होता — जणू त्याचा हातच जरासा लांबला होता… आणि हिंमतराव खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते, आपल्याच दवाखान्यात, पाहुण्यासारखे.

ही टूम रूपचंदचीच. तो शहाद्याला नवा डॉक्टर म्हणून आला आणि त्याने ठरवलं, की दर गुरुवारी दुपारी आसपासच्या डॉक्टरांनी एकेकाच्या दवाखान्यात जमायचं, तिथलाच एक रोगी मिळून तपासायचा. डॉक्टरचं शिक्षण कॉलेजात संपत नाही, म्हणे! आज पाळी प्रकाशा गावाची, म्हणजे हिंमतरावांची. त्यांनी मुद्दाम आपल्या जुन्या रोगी जसोदाबाईला बोलावलं होतं — सूज, थकवा, लोहाच्या इंजेक्शनांनीही न हटलेला. मनाच्या तळाशी एक इच्छा होती… रूपचंदलाही काही कळू नये.

जसोदाबाई खुर्चीवर गुडघे टेकून, टाचा बाहेर सोडून बसली होती. टाचेमागच्या शिरेवर हातोडा पडला. पाऊल झटकन हललं आणि परत आलं ते मात्र सावकाश, चिखलातून निघाल्यासारखं.

“आवाज पहिल्यापासून असाच का, माय?” रूपचंदने विचारलं.

“नही रे भाऊ, आते जाडा व्हई गया. घरना म्हंतस, बाई नही, बुवा बोली ऱ्हायना!”

सगळे हसले. हिंमतराव हसले नाहीत. “मला नाही कधी सांगितलंत, जसोदाबाई?”

“तुम्ही इचारंच नही, आप्पा. तुम्ही सुई काढतस, मी हात पुढे करस.”

“पाऊल असं सावकाश परततंय, म्हणजे थायरॉईड मंदावलंय, आप्पा,” रूपचंद हळूच म्हणाला, “गोळ्यांनी बाई पालटेल. तुम्ही मारून बघा ना.” आवाजात घमेंड नव्हती. घमेंड असती तर किती बरं झालं असतं — तिचा तरी राग धरता आला असता!

हिंमतरावांनी हातोडा घेतला. पाऊल त्यांच्यासाठीही तसंच सावकाश परतलं… आणि क्षणभर, केवळ क्षणभर, त्यांना शाळकरी पोरासारखा आनंद झाला. मग तो आनंद रूपचंदने दिलेला आहे, हे आठवलं.

मंडळी गेली. जसोदाबाई पदर सावरत म्हणाली, “त्या दाक्तर परत कव्हय येतीन?”

हिंमतरावांनी तिच्यासमोर स्टूल ओढलं. “बसा. थंडी फार वाजते का? झोप? सगळं सांगा.”

ती सांगू लागली, रमतगमत, सुनेच्या तक्रारींसकट. ते ऐकत राहिले, खरंच ऐकत राहिले — आणि त्यांच्या आत कुणीतरी कान टवकारून तोलत होतं… रूपचंदशी बोलताना हिचा सूर याहून मोकळा होता का?