टेस्टवरची चावी

चाकणच्या त्या कंपनीतला कॉम्प्युटर इतका जुना, की त्यातल्या स्क्रिप्टला, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमला, भट्टीकडून येणाऱ्या नोंदीच्या ओळीतले ‘गॅस लीक’ हे शब्द सापडायचे, पण त्यांच्या आधी काय लिहिलंय ते तपासता यायचं नाही. त्यामुळे भट्टीची चावी ‘टेस्ट’वर फिरवून नुसती चाचणी चालली असली, ओळीत आधी ‘टेस्ट’ असलं, तरी सायरन बोंबलायचा. ही उणीव स्वप्नालीनं चिखलीत घरी बसून भरून काढली. ओळच उलटी फिरवायची. मग आधीचं नंतर येतं, आणि नंतरचं बघणं त्या जुन्या स्क्रिप्टलाही जमतं. तिथं ‘टेस्ट’ दिसलं, की सायरन गप्प. मॅनेजर आदिनाथ सरांनी ग्रुपवर अंगठा पाठवला.

तिचा नवरा निरंजन त्याच भट्टीवर कामाला होता. आज दुसऱ्या शिफ्टला निघताना तो दारात थबकला.

"मॅडम, आमच्या भट्टीवरचे किसनभाऊ तुम्हाला पेढे देणार म्हणतायत."

"कशाचे?"

"सायरनचे! कटकट गेली. आता चावी टेस्टवरच ठेवतात. लाइन थांबतच नाही."

"आधी का नव्हते ठेवत?"

"आधी टेस्टवरही बोंबलायचा ना गं! चल, बस येईल."

तो गेला. तासाभरानं लहानग्या गणूला खिमट भरवता भरवता तिचा चमचा हवेतच राहिला. चावी कायम टेस्टवर, म्हणजे खरी गळतीही टेस्टच्याच नावानं येणार. आणि तिची स्क्रिप्ट ती गिळणार.

तिनं लॅपटॉप उघडला. चाचणी सकाळी एकदाच व्हायची. या ओळी अजून येत होत्या, एकीखाली एक. टेस्ट गॅस लीक. टेस्ट गॅस लीक.

तिनं आपली सगळी दुरुस्ती काढून टाकली. मग निरंजनला फोन लावला. बंद. ‘देवा, बस चौकात अडकलेली असू दे,’ असं ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. तेवढ्यात त्याचा मघाचाच मेसेज दिसला: ‘आज रस्ता मोकळा. पोचलो. फोन गेटवर जमा करतोय.’

फोन वाजला. आदिनाथ सर.

"स्वप्नाली, काय केलंस? सायरन थांबेना! लाइन बंद पडलीय!"

"सर, माणसं बाहेर काढा. खरी गळती आहे."

"अगं, चावी टेस्टवर आहे. तुझ्याच स्क्रिप्टचा घोळ असणार."

"सर, ऐका माझं—"

"घाबरू नकोस. तुझ्याच नवऱ्याला पाठवलंय आत, बघून येईल."

सायरनच्या आवाजाआड, पलीकडे कुणीतरी खोकत होतं.