वाटाण्याएवढी दोन हाडं

हाडांच्या खोलीत मॅडमचा एकच नियम: टेबलावर एका वेळी एकच पेटी. मानववंशशास्त्राच्या पहिल्या वर्षापासून त्या तो आमच्या कानीकपाळी ओरडत आल्या होत्या. तरी मी दोन उघडल्या. सव्वीस नंबरच्या माणसाचं डावं मनगट एकतीसच्या मनगटाशी ताडून पाहावं, एवढीच हौस. वळताना कोपर लागलं आणि मनगटांच्या दोन्ही ताटल्या एकमेकींत सांडल्या.

आठ आणि आठ, सोळा हाडं. खड्यांसारखी, बियांसारखी. इतक्या लहान हाडांवर नंबर लिहीत नाहीत. नंबर पेटीवर असतो.

सव्वीस नंबर हा एक गवंडी होता. चाळीस वर्षांपूर्वी इस्पितळाने त्याला बेवारस ठरवून आमच्या विभागाला दिलं. कागद आत्ता कुठे सापडले होते. आज दुपारी तीन वाजता त्याची लेक त्याला न्यायला येणार होती.

"उजव्या हाताशी जुळव," वर्गमित्र कुजबुजला. सगळे त्याला वकील म्हणतात. "गवंड्याचा पंजा दांडगा, दुसऱ्याचा नाजूक."

जुळवत गेले. एक हाड या घरी, एक हाड त्या घरी. चौदा मार्गी लागली. उरली दोन, वाटाण्याएवढी, जुळ्या भावांसारखी. आणि उजव्या हातांची नेमकी तेवढीच मुळात हरवलेली. डीएनएचीही आशा नव्हती; ही हाडं तेव्हाच रसायनात उकळून काढलेली.

"एकेक टाक आणि मोकळी हो. म्हातारीला काय कळणार?"

"मला तरी कुठे कळतंय? मॅडमना सांगते."

"मॅडम तुला हाकलतील."

"माहितीये."

हाडं बशीत घेऊन मॅडमकडे गेले. काय झालं ते सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मला काय सांगतेस? बाप तिचा आहे. तिला सांग."

तीनच्या आधीच ती आली. सत्तरीची, हातात स्वतः शिवलेली जाड पिशवी. मॅडमनी खुर्ची दिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजी, माझ्या हातून चूक झाली." सगळं सांगितलं, बशी पुढे केली. "यातलं एक तुमच्या वडिलांचं आहे. कुठलं, ते मला ओळखता येत नाही."

ती वाकली. एकावर बोट टेकवलं, मग दुसऱ्यावर. मला वाटलं, आता रडेल, आता शाप देईल.

"दोन्ही नेऊ का?" तिने स्वतःलाच विचारलं. मग मान हलवली. "नको. परक्या माणसाचं त्याने कधी काही घेतलं नाही. आणि त्या दुसऱ्याचंही कोणी शोधत आलं तर?"

"मग कुठलं देऊ?"

"कुठलंच नको, पोरी. उरलेला बाप नेते मी."

बाकीची हाडं भरलेली पिशवी छातीशी धरून ती दारात थांबली.

"पण ही दोघं एका डबीत ठेव. ओळखायची युक्ती निघाली की कळव. लिहून घे माझा नंबर. चुकवू नकोस हं!"

मी लिहू लागले. प्रत्येक आकडा तिला दोनदा विचारला.