अप्पा, कुठं हाव?

न्हाणीत पाय घसरून पडल्याचं निमित्त झालं आणि ग्यानोबाअप्पांवर पोरीचा पहारा बसला. मनिषा नांदेडहून आली, दोन दिवस राहिली, बापाच्या कमरेला तेल चोळलं आणि जाताना त्यांच्या फोनमधलं लोकेशन चालू करून गेली. आता अप्पा जिथं जातील तिथं त्यांचा ठिपका तिच्या फोनवर दिसणार होता. अप्पांचं अकाउंट तिनंच उघडून दिलेलं, पासवर्डही तिच्याकडेच. अप्पांना त्यातलं फोन लावणं, उचलणं आणि आवाज मोठा करणं, एवढंच येत होतं.

किल्लारीत त्यांनी याची बोंब ठोकली. वीरण्णाच्या हॉटेलात चहा पिताना रोज तेच. "ढोराच्या गळ्यात लोढणं अडकवतेत तसं केलंय पोरीनं. शहात्तर वर्षांचा बाप, अन् त्याच्यावर नजर!" ऐकणारे हसायचे. खरं सांगायचं तर अप्पा आतून खूश होते. पण ते मेले तरी हे कबूल करणार नव्हते.

अप्पांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, त्यातली बरीचशी लातूर-किल्लारी गाडीवर. संध्याकाळच्या खेपेला बायको सरजाबाई घड्याळाकडे बघत स्वतःशीच बोलायची, "औसा आलं असंल. आता लामजना सुटलं असंल." लामजना सुटलं की चुलीवर तवा चढायचा. अप्पांनी दारात चप्पल काढायला आणि पहिली भाकरी फुगायला एकच गाठ पडायची. निवृत्तीनंतरही ती सवयीनं तसंच म्हणायची, आणि अप्पा शेजारीच बसलेले असायचे. ती जाऊन चार वर्षं झाली. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात घरं ऐसपैस आणि लांब लांब. एखादा माणूस दिवसभर घरात असला काय, नसला काय, कुणाच्या ध्यानात येत नाही. मनिषाचा फोन रविवारी यायचा. गोळ्या घेतल्या का, जेवलाव का, बरं, ठेवते.

मग एका मंगळवारी अप्पा जुन्या जोडीदाराला, बजरंगला भेटायला लातूरपलीकडच्या मुरुडला गेले. पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट, तेव्हा नुसतं उठायचं आणि गाडीत बसायचं. मुरुडच्या स्टँडवर उतरतात न उतरतात तोच फोन वाजला.

"अप्पा, कुठं हाव? मुरुडला काय करायलाव?"

सरजा गेल्यापासून हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "तुला कामधंदा न्हाई का?" म्हणून ते खेकसले, फोन ठेवला आणि तिथंच बाकावर बसून राहिले. बजरंगकडे जायचं ते विसरूनच गेले.

तेव्हापासून म्हाताऱ्याला चटक लागली. आज निलंगा, परवा उदगीर, पुढच्या आठवड्यात औसा. काम कुठंच काही नाही. स्टँडवर उतरायचं, बाक धरायचा, फोन मांडीवर ठेवायचा आणि वाट बघायची. अर्ध्या तासात, कधी तासाभरात तो वाजायचा. अप्पा ठरल्यासारखे तिच्यावर डाफरायचे आणि परतीची गाडी धरायचे. त्या दिवशी जेवण दोन घास जास्त जायचं. लाडानं बोलणं त्यांच्या घराण्यात कुणाला जमलंच नव्हतं; माया करायची तीही रागावूनच.

त्यातच घात झाला. एका रविवारी वीरण्णाच्या हॉटेलात चारचौघांत बसलेले असताना फोन आला. अप्पांनी मुद्दाम स्पीकर लावला. लेक किती काळजी करते ते गावाला कळायला नको?

"अप्पा, परवा उदगीरला कशाला गेलताव? येवढ्या लांब?"

"घ्या! ऐका!" अप्पा हॉटेलभर नजर फिरवत गरजले. "म्या काय तुरुंगातून पळालेला कैदी हाय का? बंद कर ते येकदाचं! जीव नकोसा केलाय नुसता!"

सगळे खो खो हसले. फोनमधून ती एवढंच म्हणाली, "बरं, अप्पा." अप्पांना तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट त्या दिवशी सगळ्यांना चहा त्यांनीच पाजला.

गुरुवारी ते निलंग्याच्या स्टँडवर दोन तास बसले. फोन गप्प. कामात असेल, रेल्वेच्या ऑफिसातली नोकरी, काही साधी गोष्ट नाही. रविवारी तिचा फोन आला, तोही गोळ्या आणि जेवण एवढ्यावरच संपला. मग सोमवारी त्यांनी ठरवलं, आता थेट नांदेडच. बापाचा ठिपका आपल्याकडेच येतोय म्हटल्यावर न विचारता कशी राहील? पिशवीत ओल्या हरभऱ्याचे डहाळे भरले, तिला लहानपणापासून आवडणारे, आणि सकाळची पहिली गाडी धरली. आधी सांगायचं नाही हे पक्कं होतं. तिनं आपणहून बघावं, यातच सगळी मजा होती.

लातूर गेलं. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली, पण अप्पा खाली उतरले नाहीत. गलक्यात फोन ऐकू आला नाही तर? लोह्याला त्यांनी आवाज मोठा आहे ना ते तपासलं. नांदेडात शिरताना लातूर फाट्यावर खिडकीतून सिडकोकडे बघितलं. तिथंच दोन गल्ल्या आत मनिषाचं घर. मग गोदावरीचा पूल आला, स्टँड आला. फोन वाजलाच नाही.

शेवटी अप्पांनीच लावला.

"अप्पा? बरं हाय ना सगळं? आज सोमवारीच फोन?"

"बरं हाय की. म्हणलं, तुझ्या फोनात काय दिसायलंय ते इचारावं."

"काय दिसायचंय? अहो, त्याच दिवशी बंद केलं मी ते! तुमच्या अकाउंटमधूनबी काढलं, मागचं सगळं पुसून टाकलं. हेबी म्हणले, म्हातारपणी माणसाला मोकळं राहू द्यावं." तिचा आवाज भरून आला. "चुकलं माझं, अप्पा. लई छळलं तुम्हाला. आता कुठंबी जावा, मी इचारणार न्हाई."

पोरी, चालू कर ते, असं अप्पांच्या अगदी ओठावर आलं. पण रागावल्याशिवाय बोलायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि रागावण्यासारखं तर तिनं काहीच केलं नव्हतं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले.

"गलका कसला येवढा?"

"टीव्ही लावलाय."

"बरं. घरीच हाव न्हवं? साहेब बोलवायलेत. रविवारी करते फोन."

"घरीच हाय. म्या कुठं जातोय?"

फोन बंद झाला. अप्पांनी डहाळ्यांची पिशवी उचलली, फलाटावर लातूरची गाडी लागली होती तीत चढले आणि खिडकीशी बसले. गाडी हलल्यावर कंडक्टर आला. तरणा पोरगा होता, घाईत होता.

"बाबा, कुठं?"

"किल्लारी," अप्पा म्हणाले, आणि मग त्यांना राहवेना. "म्हंजी आधी लोहा, मग अहमदपूर, मग लातूर. तिथून दुसरी गाडी. औसा, लामजना. लामजना सुटलं की आलंच म्हणायचं."

कंडक्टर त्यांच्या हातात लातूरचं तिकीट ठेवून केव्हाच मागच्या सीटकडे गेला होता.