आईच्या पाळण्यावरचा शिक्का

खोलीत पाय ठेवताच प्रतिमानं ओढणी नाकाशी नेली आणि लगेच सोडली, कारण दादा बघत होता. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचा वास, बुरशी धरलेल्या ताडपत्रीचा वास, आणि त्यांच्या तळाशी कुठंतरी मेलेल्या उंदराचा. सात महिन्यांची लेक कडेवर होती, खाली उतरायला नुसती वळवळत होती. उतरवायचं कुठं? फरशीवर वायरींचा गुंता, खर्ऱ्याच्या चोळामोळा पन्न्या, आणि टेबलाच्या पायाशी पाण्याची अर्धी कापलेली बाटली. तिच्यात दादा थुंकायचा. बाटली आता काठाला आली होती.

"बस ना. उभी काहून आहेस?" दादा म्हणाला. तोंड भरलेलं, म्हणून हनुवटी वर करून.

"बसते," म्हणत तिनं स्टुलावर आधी पिशवीतलं दुपटं टाकलं, मग स्वतः टेकली.

"विजय नगरवाल्या मॅडम आल्या भाई," दादा बहिणीला चिडवत आत बायकोला ओरडला. "चहा ठेव. कप धुऊन घे, नाही तर पिणार नाहीत."

दादा, म्हणजे भय्यासाहेब, हा प्रतिमाचा थोरला भाऊ. जबलपूरच्या कांचघर वस्तीत त्याचा साउंडचा धंदा. लग्न असो, जयंती असो, विहारातला कार्यक्रम असो, भोंगे आणि स्पीकरचे डबे याचेच. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत त्यानं आईचा पाळणा रेकॉर्ड केला होता. आईनं, कलावतीबाईंनी, तो स्वतः जुळवलेला, प्रतिमाच्या जन्माच्या वेळी. पुढं वस्तीतल्या कितीतरी लेकरांच्या नामकरणात त्यांनी तो म्हटला. नातीच्या नामकरणाआधी मात्र त्या गेल्या, आणि नामकरण राहूनच गेलं. ते उद्या होतं. पाळणा आईच्याच आवाजात वाजला पाहिजे, एवढी एकच गोष्ट प्रतिमानं मनात धरली होती. आणि तो आवाज सगळ्या जगात फक्त दादाच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये होता.

डिस्क मरायला टेकली होती, हे दादानं फोनवर हसत सांगितलं होतं. म्हणून ती लॅपटॉप आणि जोडायची वायर घेऊन धावत आली होती.

दादानं सीपीयूचा पत्रा काढला. आतून झुरळ निघालं, टेबलावरून सरसर धावत लॅपटॉपच्या कडेशी थांबलं, मिशा हलवल्या. प्रतिमाच्या अंगावर काटा आला. दादानं ते तळहातानं चिरडलं आणि तोच हात पुढं करून म्हणाला, "दे इकडे पिल्लूले."

"नको. झोपेला आली आहे ती." पोरगी डोळे टक्क उघडून बघत होती.

डिस्क जोडली. आतून टक्, टक् असा आवाज येत होता. प्रतिमानं सगळी गाणी एकदम लॅपटॉपवर घ्यायला लावली आणि पडद्यावरची पट्टी सरकते का ते बघत बसली. मध्येच पट्टी थांबे, तिचा श्वासही थांबे. दादाचं फायली ठेवणं त्याच्या खोलीसारखंच. वराती, रॅलीची गाणी, कोणाकोणाची भाषणं, सगळं एकाच ढिगात. त्यातच 'आई फायनल', 'आई फायनल न्यू', 'आई पक्का फायनल'.

उतरलेली पहिली फाइल तिनं लावली. आईचा आवाज आला. किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी हलकेच उतरणारा. पोरगी वळवळायची थांबली. दुसऱ्या ओळीत आई वरच्या सुरात गेली, आणि तिच्या सुरावरच एक पुरुषी आवाज घुमत आदळला:

"भय्यासाहेब साउंड! साउंड! साउंड! काँचघर, जबलपुर!"

पोरगी दचकून रडायला लागली.

"हे काय आहे, दादा?"

"आपला शिक्का," दादा खूश होऊन म्हणाला. "लोक चोरतात ना. पेनड्राइव्हमध्ये घेऊन जातात अन् आपल्या नावानं वाजवतात. आता चोरून दाखव म्हणा."

"पाळण्यावर?"

"अच्छा, पाळणा काय गाणं नाही का?"

तिनं दुसरी फाइल लावली. तोच शिक्का, वर बंदुकीचे बार. तिसरीत दर कडव्याला शिक्का, आणि शेवटी दादाचा मोबाइल नंबर. आईचं नाव कुठंच नाही.

"आईचं नाव कुठंय यात?"

"आईले कोण ओळखते? बुकिंग माझ्या नावानं येते."

हे बोलून त्यानं वाकून बाटलीत पिंक टाकली. दोन थेंब बाहेर उडाले. प्रतिमानं पाय मागं ओढले, आणि ते थेंबांमुळं की बोलण्यामुळं, हे तिला सांगता आलं नसतं. हाच माणूस आईच्या तिरडीला पुढचा खांदा देत हमसून रडला होता.

"साधं, बिनशिक्क्याचं ठेवलं नाहीस?"

"ते डिलीट केलं. जागा नव्हती."

ती पोरीला थोपटत पडद्याकडं बघत राहिली. नजर बारीक करायची सवय तिला लेक झाल्यापासून लागलेली, दुधाच्या बाटलीचं बूच असो की शेजारणीचा खोकला. तशीच ती यादीवरून नजर फिरवत गेली. एका जागी थांबली. 'माइक टेस्ट.' नुसतं माइक टेस्ट, आणि एवढी मोठी फाइल?

डिस्क टक् टक् करत होती. पट्टी त्या फाइलवर अडकली, अडकली, आणि पुढं सरकली. तिनं ती लावली.

आधी खुर्ची करकरली. मग आई, अगदी जवळून:

"अरे भय्या, ते थुंकीचं भांडं बाहेर नेऊन टाक आधी. किळस येऊन राहिली मले. अशा घाणीत लेकराचा पाळणा म्हणते का कोणी? अन् तोंड धुऊन ये, वास येते. हसतो काय? जा म्हटलं ना!"

पावलं गेली. दूर नळ वाजला. आईनं घसा साफ केला आणि पाळणा म्हटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये ना कोणी आलं, ना शिक्का वाजला.

दादाचं तोंड भरलेलं होतं. बोलायचं तर थुंकावं लागणार, आणि बाटली पायाशीच. तो बाटलीकडं बघत राहिला, मग तीच उचलून बाहेर गेला. नळाचा आवाज आला.

परत आला तेव्हा हनुवटी ओली होती. "ते सुरुवातीचं कापून टाक," तो म्हणाला. "उद्या विहारात सगळी वस्ती ऐकेल."

"नाही कापणार."

"अबे, माझ्या धंद्याची इज्जत आहे काही."

"आईचं एक अक्षर कापायचं नाही."

"चलो, ठीक आहे. मग शेवटी फक्त एकदा आपला शिक्का..."

तिनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. तो भिंतीकडं बघायला लागला.

मनीषा वहिनी चहा घेऊन आली. कप धुतलेले होते, तरी प्रतिमानं कड ओढणीनं पुसली. फाइल लॅपटॉपवर होतीच, तिची आणखी एक प्रत तिनं पर्समधल्या पेनड्राइव्हवर घेतली आणि डिस्कची वायर ओढली. टकटक थांबली.

पोरगी पुन्हा खाली उतरायला बघत होती. बाटली गेली होती, पण तिचा ओला लालसर गोल फरशीवर तसाच होता. प्रतिमानं पोरीला घट्ट धरलं आणि चहा उभ्यानंच प्यायला.