समोरच्यांचं सँडविच

लॉरेटाशी माझं कधीच वाकडं नव्हतं. ती माझ्या धाकट्या भावाची, आर्मंडची बायको, आणि आमची घरं भिंतीला भिंत लागून. पण चीझस्टेकचा, म्हणजे लांब पावात तव्यावरचं गोमांस आणि चीझ भरलेल्या सँडविचचा विषय निघाला की आम्ही दोघी पदर खोचून उभ्या. तिचे वडील जन्मभर पेरुतीच्या तव्यापाशी राबले. आम्ही स्काल्झोची माणसं. फिलाडेल्फियात, आमच्या साउथ फिलीतल्या एकाच चौकात ही दोन दुकानं समोरासमोर, मधे फक्त सिग्नल.

"तुमच्या स्काल्झोचं मांस म्हणजे बुटाचा तळ," ती म्हणायची. "कापच्या काप पावात कोंबायचे. मांस बारीक चिरायचे कष्ट नकोत मेल्यांना."

"आणि पेरुतीकडे दात पडलेल्यांची सोय. सगळं तव्यावर कुटून भुगा करायचा, वर ते पिवळं पातळ चीझ ओतायचं. चावायला काय उरतं त्यात?"

"आर्मंड, ऐकतोयस ना तुझी बहीण काय बोलतेय?"

आर्मंड हसायचा आणि पेपरात तोंड खुपसायचा. लहानपणी दर शनिवारी आई आम्हाला स्काल्झोकडे न्यायची. बुटांवर तेल सांडू नये म्हणून पुढे वाकून कसं खायचं, हे तो तिथेच शिकला. पण लग्न ठरलं तेव्हा लॉरेटाच्या वडिलांनी त्याला एकच गोष्ट विचारली. पगार नाही विचारला, घर नाही. "समोर जातोस का?"

"यापुढे नाही जाणार," आर्मंड म्हणाला. आमच्याकडे यात नवल नाही. ज्या घरात पडाल, त्या घराचा तवा तुमचा. त्यानंतर दर शनिवारी तो पेरुतीचं खात राहिला आणि छान आहे म्हणत राहिला.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्याची अन्नावरची वासनाच उडाली. लॉरेटानं काय करायचं बाकी ठेवलं? सूप केलं, मीटबॉल केले, त्याच्या आवडीचा भात घातलेला गोड केक केला. दोन चमचे खाऊन ताट बाजूला. डॉक्टर म्हणाले, काय मागेल ते द्या, पोटात काहीतरी जाऊ द्या. ती बिचारी दिवसभर त्याच्या मागे. "काय खाशील? सांग तरी. तू म्हणशील ते आणते."

एका शनिवारी तो बोलला. मी तिथेच बसले होते.

"लोरी, आज स्काल्झोचं आणूया का? बघू तरी, अजून तसंच लागतं का."

मला आवरलं नाही. "बघ गं बाई, शेवटी रक्त बोललंच," मी म्हटलं.

झालं. लॉरेटाचं नाक लाल. "ताप चढलाय त्याला," ती म्हणाली. "वर स्वर्गात बाबांना कळलं तर तिथल्या तिथे तवा फेकून मारतील. थांब, तुझं नेहमीचं गरमागरम घेऊन येते." कोट अडकवला आणि निघालीसुद्धा.

"अगं, गंमत केली," आर्मंड तिच्या पाठीला म्हणाला.

तिनं पेरुतीचं आणलं. त्यानं दोन घास खाल्ले, छान आहे म्हणाला आणि उरलेलं कागदात नीट गुंडाळून ठेवलं. तो कागद पुन्हा उघडला गेला नाही. इस्टरच्या आधीच तो गेला.

अंत्यविधी उरकून आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, तेव्हा दारात गाएतानो उभा. स्काल्झोच्या तव्यावर असतो तो. आर्मंडचा शाळेपासूनचा दोस्त. गळ्यात काळा टाय आणि हातात तेल झिरपलेली कागदी पिशवी. मला वाटलं, आता ही त्याला झाडणार. पण भांडायचं त्राणच नव्हतं तिच्यात.

"लॉरेटा, रागावू नकोस," तो म्हणाला. "तो यायचा माझ्याकडे. कामावरून परत येताना खिडकीशी उभा राहायचा."

"खायचा?"

"छे. कधीच नाही. मी म्हणायचो, घे रे एक, कोण बघतंय. तर म्हणायचा, सासऱ्याला शब्द दिलाय. मी म्हटलं, अरे, म्हातारा जाऊन जमाना झाला. तर म्हणे, त्याची मुलगी आहे ना. लोरी म्हणाली तर खाईन." गाएतानोनं पिशवी टेबलावर ठेवली. "ऑपरेशनच्या आधी आला होता. म्हणाला, घरी आलो की तिला विचारणार आहे एकदा. विचारलंच नसेल त्यानं. त्याच्या नावाचं हे ठेवून जातो."

लॉरेटानं काहीच सांगितलं नाही त्याला. मीही नाही. काय सांगणार, कपाळ? तो गेल्यावर तिनं टेबल पुसून मोकळं केलं. मग म्हणाली, "असुंता, जा, पेरुतीचं घेऊन ये एक."

मी मुकाट्यानं गेले आणि आणलं. तिनं दोन्ही कागद उघडले, दोन्ही सँडविचं एकाच ताटात ठेवली. एक घास याचा, एक त्याचा. नीट चावून, डोळे मिटून. देवाशपथ सांगते, त्या क्षणी स्काल्झोचंच सँडविच जिंकावं असं मला फार वाटत होतं. निदान त्याची निवड खरी ठरली असती.

"आमचंच चांगलं आहे," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच मी वाद घातला नाही.

"आमचंच चांगलं आहे, असुंता. मग काय झालं? त्याला हे हवं होतं." तिनं हातातला घास ताटात टाकला. "मी रोज विचारत होते, काय खाशील, काय खाशील. त्यानं सांगितलं की. रस्ता तर ओलांडायचा होता मला."

मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं तो सोडवून घेतला. पेरुतीचं बाजूला सारलं. स्काल्झोचं जवळ ओढलं आणि थंड झालेलं ते सँडविच रडत रडत शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.