देवकाबाईच्या हातचा लंगर

कार्तिक पौर्णिमेच्या सकाळी एकोडीत हार्वेस्टर बंद होता. धान शेतातल्या बांध्यांत उभं, आन् पंजाबातून मशीन घेऊन आलेला गुरमेलसिंग वासुदेवरावाच्या खळ्यावर डाळीचा गंज ढवळून राहिला होता. गुरू नानकांचा जन्मदिवस. आज काम नाही, लंगर. ज्याले भूक आहे त्यानं यावं.

तव्यावर देवकाबाई होती. याच मशीननं तिच्या धान कापनाऱ्या टोळीच्या हातातला इळा काढून घेतला, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं गुरमेलले भर रस्त्यात झाडलं होतं. तो चिडला नाही. "बात सही है बहनजी," म्हणाला. तेव्हापासून दोघांचं जमलं. आज ती आपणहून आली, बेलन घेऊन.

लाटता लाटता तिची चौकशी चालूच.

"तुमचा देव कोनता? मूर्ती तं दिसून नाही राहिली."

"मूर्ती नहीं है. वो एक है, उसका रूप नहीं. नानकजी पाँच सौ साल पहले यही बोले. मेहनत करो, नाम जपो, बाँट के खाओ."

"आन् आता गुरू कोन?"

"दस गुरू हुए. अब ग्रंथ साहिब ही गुरू है."

"मंग हे कडं, किरपान?"

"दसवें गुरू का हुकुम. केस, कंघा, कडा, घुटने तक का कछहरा, किरपान, ये पाँच. भीड में भी सिख दिखना चाहिए. छुपना नहीं."

"म्हंजे पळाले जागाच नाही ठेवली," देवकाबाई हसली. मंग हळूच विचारलं, "जात?"

गुरमेलनं पळी बाजूले ठेवली. "गुरू ने मिटाई. लोगों ने रख ली. मेरे गाँव में भी है, झूठ नहीं बोलूँगा."

"बरं झालं खरं बोलला. नाही तं बेलनच हानलं असतं."

तेवढ्यात वासुदेवराव आला, मागं त्याचा पोरगा भुपेंद्र. गावात सगळ्यात जास्त धान याचंच, आन् मशीन गावात आली ती बी याच्याच बोलावण्यावर. देवकाबाईले तव्यावर पाहून तो जागीच थांबला.

"सरदारजी, लंगर करा, आमची ना नाही. पन ही बाई चुलीवर काहून? तिले उठवा. नाही तं आमच्या पोळ्या वेगळ्या करा, पंगत बी वेगळी बसवा."

बेलन थांबलं. तिच्या हातानं रोवलेलं धान या मानसाच्या कोठीत चालते, पोळी नाही चालत! उठून चालतं व्हावं असं तिच्या मनात आलं. पन तिच्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ते काय पोरीनं असं मुकाट उठाले? तिनं गुरमेलकडं पाहिलं. हा आता "बहनजी, जरा..." म्हणाला, तं याचं तोंड पुन्हा नाही पाहाचं.

गुरमेलनं हात पुसले. "पंगत एक ही होती है, रावसाहब. कहते हैं, बादशाह भी आया तो पहले पंगत में बैठा. बहनजी नहीं उठेंगी."

"मंग उचल तुझा गंज माझ्या खळ्यावरून! मशीन बी माझ्या बांधीत नको घालू."

गुरमेलनं एकदा मशीनकडं पाहिलं. हंगाम असा हातातून चालला होता. "ठीक है जी," तो म्हणाला.

देवकाबाईनं कणकेची परात डोक्यावर घेतली. "चल भाऊ. आमच्या वस्तीत विहारासमोर जागा आहे. कोनाच्या बापाची नाही."

गंज ट्रॉलीवर चढला. कोनीतरी म्हणालं, मागच्या गल्लीनं जवळ पडते.

"पडू दे," देवकाबाई म्हणाली. "वासुदेवरावाच्या दारावरूनच जाऊ."

आन् गेले.

विहारासमोर गुरमेलनं हात जोडून, डोळे मिटून अरदास केली, कडाह प्रसादाचा शिरा वाटला. डोकी झाकून, चपला काढून लोक जमिनीवर बसले. आधी वस्तीतले, मंग वासुदेवरावाच्या गल्लीतले बी काही. काही जन दुरूनच पाहून परतले. त्याईची मर्जी.

शेवटी भुपेंद्र आला. डोक्याले रुमाल बांधून पंगतीच्या टोकाले बसला आन् एक हात पुढं केला. देवकाबाई पोळी घेऊन तशीच उभी.

"काकू, द्या ना."

"दोनी हात. इथं पोळी एका हातानं नाही घेत. आत्ताच सरदारनं शिकवलं मले."

"भुपेंद्र!" रस्त्यावरून बापाची हाक आली. "ऊठ तिथून! घरी कसा येतं पाहातो!"

सगळी पंगत त्याच्याकडं पाहू लागली. देवकाबाईनं पोळी टाकली नाही, मागं बी घेतली नाही.

भुपेंद्रनं दोनी हात पुढं केले.

"बाबूजी," तो न वळताच ओरडला, "जेवून येतो!"

त्यानं पोळी मोडली, डाळीत बुडवली, खाल्ली. देवकाबाई पुढच्या ताटाकडं सरकली. "डाळ कमी पडन," ती गुरमेलले म्हणाली, "पानी नको घालू. दुसरी चढव."